राहिलेला डोहाळा

लसणीची पाकळी तेलात तडकली. एवढाच आवाज.

एरवी तो मला ऐकूसुद्धा आला नसता. इचलकरंजीतल्या आमच्या घराची मागची भिंत आणि आमच्या कारखान्याची पुढची भिंत एकच. कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये दोन ओळींनी उभे असलेले यंत्रमाग. ते चालू असले की स्वयंपाकघरातल्या पिंपातलं पाणी थरथरत राहतं आणि शेजारी बसलेल्या माणसाकडून मीठ हवं असेल तरी ओरडून मागावं लागतं. पण आठवड्यातून एक दिवस लाइटची सुट्टी असायची, वीज बंद आणि मागही बंद. त्या दिवशी सगळी गल्ली मुकी होऊन जायची. कुणाच्या घरात चमचा पडला तरी चार घरांत कळायचं.

मी माजघरात रेवाला मांडीवर घेऊन बसले होते. रेवा तेव्हा आठ महिन्यांची. सकाळभर कळवळून आत्ता कुठे झोपली होती. तिच्या कानात कापसाचा बोळा होता, पिवळा पडलेला. लसूण तडकली आणि मला कळलं, आत्या तेल कढवतायत. ते कानात घालायचं तेल आहे.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. लग्न झाल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "आई म्हण की मला." मी मान डोलावली आणि आत्या म्हणत राहिले. त्यांनी परत कधी विषय काढला नाही.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. पडद्याला बारीक भोक पडलंय, औषधानं भरून येईल. पण कान कोरडा ठेवायचा. तेल, दूध, लसणीचा रस, काही म्हणजे काही आत जाता कामा नये. "आजी, तुम्हाला सांगतेय," त्या खास वळून म्हणाल्या होत्या. आत्यांनी "व्हय, व्हय" म्हटलं होतं.

मला उठून स्वयंपाकघरात जायचं होतं आणि तेल नको, एवढंच म्हणायचं होतं. मी ते मनात लावून बघितलं. 'आत्या, तेल नको हं.' मग, 'डॉक्टर नको म्हणाल्यात ना?' मग नुसतंच, 'आत्या...' वाक्य आधी मनात करून बघायची मला सवय होती. बहुतेक वाक्यं तिथंच राहायची.

ही सवय मिरजेची, माझ्या माहेरची. मी दुसरीत असताना आई गेली. दुसऱ्या बाळंतपणात, बाळासकट. मग घरात मी आणि बाबा. बाबांनी माया फार केली. वेणीसुद्धा घालायचे, वाकडी. पण आईचा विषय निघाला की ताटावरून उठायचे. रागावायचे नाहीत. हात धुवायचे आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन उभे राहायचे. मोडलेली भाकरी ताटात तशीच. लहान पोरीला एवढं पुरतं. आपण बोललो की समोरचं माणूस उपाशी उठतं, असं मी धरून चालले आणि हळूहळू शाळेतलं, मैत्रिणींचं, दुखल्याखुपल्याचंही बोलेनाशी झाले.

मागाच्या घरात माझं लग्न ठरलं तेव्हा मावशीला काळजी लागली होती, एवढ्या आवाजात पोरीचं डोकं उठेल. मला मात्र तो आवाज फार सोयीचा वाटला. त्यात कुणी कुणाला 'काय झालं गं?' असं हळूच विचारू शकत नाही.

मग मी गरोदर राहिले. माहेरी आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं आणि आत्यांनी पदर खोचला. रोज विचारायच्या. चिंच आणू? कवठ? करवंदाचं लोणचं? त्या ओरडून विचारायच्या, मी हात हलवून नको म्हणायचे. ओटीभरणाला आलेल्या बायकांना त्यांनी सांगितलं, "आमच्या शुभदाला काय नकोच असतंय बघा." सगळ्या हसल्या. आत्याही हसल्या, पण सगळ्यांच्या नंतर.

रेवाचा कान वाहायला लागला त्या आठवड्यात गोदाक्का आल्या. रेवाला जन्मल्यापासून न्हाऊ घालायच्या त्या याच. त्यांनी कान बघितला, बोळ्याचा वास घेतला आणि निकाल दिला.

"डोहाळा राहिलाय."

आमच्याकडे म्हणतातच तसं. गर्भारपणी आईच्या मनातलं काही पुरवायचं राहिलं की पोराचा कान फुटतो.

माझा नवरा सुहास चहा पीत होता. तो म्हणाला, "सर्दी उतरलीय कानात, गोदाक्का. डोहाळा कुठला काढलाय?"

"तू गप बस. ह्या घराला हे नवं हाय काय?"

"गोदाक्का, चहात साखर किती?" आत्या मध्येच म्हणाल्या. गोदाक्का गेली कित्येक वर्षं त्या घरात चहा पीत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून आत्यांचा स्वयंपाक सुरू झाला. आज आंबोळ्या, उद्या अळूची वडी, परवा ओल्या काजूची उसळ. तो काजू त्यांनी कुणाकडून मिळवला कोण जाणे. ताट माझ्यापुढे ठेवायच्या आणि उभं राहून माझ्या तोंडाकडे बघायच्या.

"हेच हुतं काय?"

"छान झालंय, आत्या."

"ते न्हाई विचारलं मी."

एक दिवस खरवस केला. तो वाढताना त्यांनी नाकाला पदर लावला होता. मला वाटलं सर्दी झाली असेल. सुहासचं मात्र बरं चाललं होतं. "डोहाळे तुझे आणि पोट माझं सुटायला लागलंय," तो म्हणायचा. डॉक्टरांचं औषधही चालू होतं, पण कान वाहायचा थांबेना. आत्यांना वाटायचं मी लपवतेय. मला वाटायचं, यांना काय सांगू?

आणि आता लसूण तडकली होती.

मी रेवाला हलकेच पाळण्यात ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. आत्या पळीतल्या तेलावर फुंकर घालत होत्या.

"झोपली न्हवं?" माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "झोपेतच दोन थेंब सोडते. उठायची न्हाई."

"तेल नको!"

माझीच मी दचकले. माग चालू असतात त्या अंदाजानं आवाज लावला होता आणि माग तर बंद होते. शेजारच्या घरात कुणीतरी खिडकी लावली.

आत्या वळल्या. "हळू. पोरगी उठंल."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्यात..."

"ती म्हणाली ते मी बी ऐकलंय. कानानंच ऐकलंय. पंधरवडा झाला तिचं औषध घालतोय. थांबलं काय?"

"भोक आहे, आत्या. तेल आत गेलं तर जास्त होईल."

"आणि काहीच केलं न्हाई तर? गेला पोरीचा कान तर?" त्यांनी पळी ओट्यावर ठेवली. थोडं तेल ओट्यावर सांडलं. ते त्यांनी बोटानं पुसलं, बोट पदराला पुसलं. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "बरं. न्हाई घालत तेल. मग तू सांग. काय राहिलं तुझं? कोल्हापुरात मिळत असंल, बेळगावात मिळत असंल, सुहासला आत्ता गाडीवर बसवून लावून देते. तू सांग, मी हे तेल टाकून देते."

"काही राहिलं नाही."

"शुभदा."

"खरंच."

"पोरीकडं बघ आणि मग बोल."

दारातून पाळणा दिसत होता. पाळण्याच्या बाहेर आलेलं तिचं एक पाऊल दिसत होतं.

"चिंच," मी म्हणाले. "गाभुळलेली चिंच."

"चिंचेची बरणी तुझ्या उशाला हुती. झाकण सुदिक काढलं न्हाईस. शेवटी मी सार केलं तिचं."

"मग कवठ."

"मग कवठ! भाजी घेतीयास व्हय मंडईत?" त्या जवळ आल्या. आवाज खाली आला. "लाज वाटती काय? माती खावीशी वाटली? अगं, मी भिंतीचा पोपडा काढून खाल्लाय. मागच्या खोलीत अजून तिथं गिलावा न्हाई. सांग की."

मला वाटतं, त्या गिलाव्यानं काम केलं. ती भिंत मी रोज बघत होते.

"खायचं नव्हतं, आत्या."

त्यांनी कपाळावरचा घाम पदरानं टिपला.

"कुणीतरी पोटाला कान लावावा, असं वाटायचं."

हे वाक्य मी मनात करून बघितलं नव्हतं. म्हणून बहुतेक बाहेर पडलं. आणि ते पडल्यावर मागचं आपोआप यायला लागलं, माग सुरू केल्यावर कापड येतं तसं.

"माझ्या आईला दिवस होते तेव्हा ती मला कान लावायला द्यायची. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि तिच्या पोटाला कान. ती म्हणायची, ऐक, काय म्हणतंय बघ. मी ऐकायचे. मग ती दवाखान्यात गेली ती आलीच नाही. मला रेवाच्या वेळी रोज वाटायचं, मी पण जाणार. तुम्ही ओटीभरणाला हिरव्या बांगड्या भरल्यात ना, तेव्हा मला आईचे हात दिसले. तिच्या पण अशाच होत्या. दवाखान्यातून बाबांनी पिशवीत घालून आणल्या, त्यातली एक पिचलेली. मला कुणालातरी हे सांगायचं होतं. पण गर्भारपणी असलं बोलू नये म्हणतात. एवढंच राहिलं. दुसरं काही नाही."

आत्यांनी ओट्याला हात टेकला.

"एवढं वाटत हुतं आणि ओटीभरणात हसत हुतीस?"

"हो."

"फोटोत किती छान आलीयास." त्या जरा वेळ फोटोचाच विचार करत असाव्यात. "निदान सुहासला तरी सांगायचंस."

"सांगितलं होतं. एकदाच. झोपताना म्हणाले, मला भीती वाटते. तो काही बोललाच नाही. कूस बदलून झोपला. मग मी परत नाही बोलले."

"कुठल्या अंगाला झोपतीस तू?"

"म्हणजे?"

"त्याच्या कुठल्या अंगाला?"

"डाव्या."

आत्या सावकाश खाली बसल्या, फरशीवरच, पाय पसरून.

"त्याला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई," त्या म्हणाल्या.

बाहेर कुठेतरी कबुतरं घुमत होती.

"लहानपणी फुटला कान. ठणकत हुता महिना-महिना. मी गप बसले. आपसूक बरा हुईल म्हटलं. कान गेला. तुझ्या माणसांना लग्नात सांगितलं न्हाई आम्ही. मी म्हणत हुते, सांगूया. तर मामा काय म्हणाले, ह्या गावात निम्म्या लोकांना ऐकू येत न्हाई, त्यात काय सांगायचंय." मामा म्हणजे माझे सासरे.

"पण तो..." मला नवऱ्याची बसायची पद्धत आठवली. मी काही म्हणाले की मान तिरकी करून, एक भुवई उचलून ऐकायचा. "तो मान तिरकी करतो ती..."

"उजवा कान पुढं करतोय."

"मला वाटलं ऐट आहे."

"कसली ऐट! त्याच्यात ऐट असती तर अजून काय पाहिजे हुतं?"

मला हसू फुटलं. मी तोंडावर हात दाबला, रेवा उठेल म्हणून. हसता हसता मी पण खाली बसले आणि मग ते हसू राहिलं नाही. आत्यांनी माझ्या पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. त्यांनी शेजारची टोपली ओढली, गवारीच्या शेंगा आमच्या दोघींच्या मध्ये ओतल्या आणि निवडायला लागल्या. मीही एक शेंग उचलली. हाताला काम लागल्यावर मला बरं वाटलं, हे त्यांना कसं माहीत होतं कोण जाणे.

मग मी त्यांना विचारलं. मी जन्मात कुणाला असं काही विचारलं नव्हतं.

"तुमचा कुठला राहिला होता, आत्या? सुहासच्या वेळी?"

"माझा?" त्यांनी शेंगेचा दोर काढला. "ओरडायचा."

"काय?"

"मला ओरडावंसं वाटायचं. मोठ्यानं. कारण काय न्हाई. म्हंजे हुतंच की. सासरा, दीर, माग. पोट एवढं, आणि सकाळी उठून मागाच्या कांड्यांवर सूत भरायचं, मग भाकऱ्या, मग परत कांड्या. वाटायचं, पंचगंगेवर जावं आणि बोंब ठोकावी. सासूबाईंनी विचारलं, काय खावंसं वाटतंय? आता हे काय सांगायचं? मी म्हटलं, खरवस. तर बाईनं कुठनं कुठनं चीक आणून मला खरवस घातला. अजून वास सोसत न्हाई मला."

"म्हणून त्या दिवशी पदर..."

"मग काय तर."

"मग ओरडलात कधी?"

"एकदा. कारखान्यात. सगळे माग चालू हुते. मधल्या वाटेत उभी राहिले आणि जी काय ओरडले, विचारू नको. घसा बसला. कुणालाच कळलं न्हाई. मागाची दुरुस्ती करणारा जॉबर माझ्याकडं बघून हसला. त्याला वाटलं, चहा झाला म्हणून सांगायला आलीय."

"बरं वाटलं?"

त्यांनी खरंच आठवून बघितलं. हातातली शेंग तशीच राहिली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "कुणी ऐकलंच न्हाई की. मग कसं बरं वाटंल?"

त्या उठल्या. पळी उचलली. मला वाटलं मोरीत ओततील, पण त्यांनी शेंगदाण्याच्या चटणीचा वाडगा ओढला आणि ते सगळं तेल लसणीसकट त्यावर घातलं. "लसणीचं हाय, वाया कशाला घालवायचं?" मग चमच्यानं कालवत, माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "पोट तर रिकामं झालं तुझं. आता मी कान कुठं लावू?"

मी हातातली शेंग मोडली.

"नाव काय तुझ्या आईचं? पत्रिकेत वाचलेलं, पण ध्यानात न्हाई."

त्या घरात मला हे पहिल्यांदा विचारलं जात होतं. माहेरी विचारायचा प्रश्नच नव्हता.

"शैलजा."

"शैलजा." त्या परत येऊन बसल्या. अर्ध्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या. "हां. कशी हुती?"

सोळा-सतरा वर्षं साठवलं होतं, आणि कुठून सुरू करावं तेच कळेना. मोठं काही आठवेना. शेवटी म्हणाले, "ती सायकल चालवायची. आमच्या गल्लीत ती एकटीच बाई. पण चपला घालून चालवायची नाही. चपला मागं कॅरियरला लावायची आणि अनवाणी."

"ते का?"

"पायाला पकड चांगली बसते म्हणायची."

"आणि लुगडं?"

"लुगडं नाही हो, साडी. खोचायची."

"पडली न्हाई कधी?"

"पडली की. मला घेऊन पडली. गटारात."

आत्या हसल्या. माझ्या आईच्या गोष्टीला कुणीतरी हसत होतं, आणि कुणी उठून गेलं नव्हतं. मी पुढचं सांगितलं. मग त्याच्या पुढचं. शेंगा निवडून संपल्या तेव्हा आत्यांनी लसूण सोलायला घेतली. घरात सोललेली लसूण पुष्कळ होती.

सुहास आला तेव्हा उन्हं उतरली होती. दारात उभा राहून त्यानं आम्हा दोघींना फरशीवर बसलेलं बघितलं. मान तिरकी केली. "काय झालं?"

"काय न्हाई," आत्या म्हणाल्या. "तुझ्या बायकोला तुला काहीतरी सांगायचं हाय. उजवा कान तिच्याकडं करून ऐक."

त्याचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. आत्या पाळण्याकडे निघून गेल्या. तो माझ्यासमोर उकिडवा बसला, कान चोळत.

"आईनं सांगितलं होय? मी सांगणार होतो. पहिल्या आठवड्यातच. मग एक महिना गेला. मग वाटलं, आता सांगितलं तर म्हणशील, आत्तापर्यंत का नाही सांगितलं?"

"माझं पण तसंच होतं," मी म्हणाले.

"तुझं काय?"

"रेवाच्या वेळी एकदा तुला झोपताना मी काहीतरी सांगितलं होतं. तू कूस बदललीस."

तो कान चोळायचा थांबला. मग उठला, मला वळसा घालून आला आणि माझ्या डावीकडे येऊन बसला, भिंतीला टेकून, खांद्याला खांदा लावून.

"परत सांग," तो म्हणाला. "तेव्हा सांगितलंस तेच सांग."

रेवाचा कान पुढं बरा झाला. पडदा भरून आला, तसं डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून दाखवलं. त्या म्हणाल्या, औषध बदललं ते लागू पडलं. गोदाक्का म्हणाल्या, "सांगितलं हुतं न्हवं मी?" आत्यांनी दोघींनाही हो म्हटलं.

मी काही एका दुपारी बोलकी झाले नाही. अजूनही वाक्य आधी मनात करून बघते. पण आता ती तिथंच राहत नाहीत सगळी. लाइटच्या सुट्टीच्या दिवशी आत्या निवडण्याचं काहीतरी घेऊन बसतात आणि "हं" म्हणतात. कधी मी बोलते, कधी त्या, कधी नुसत्याच शेंगा निवडून होतात. कारखान्यात एकदा आम्ही दोघी मिळून ओरडूनही आलो. तेव्हा मात्र जॉबर हसला नाही. माग बंद करून धावत आला.

हे सगळं मी आत्ता लिहितेय, रेवाच्या शाळेच्या वेळात, तुकड्या-तुकड्यानं. ती पहिलीत आहे. मला पुन्हा दिवस गेलेत, सातवा चालू आहे. भीती वाटते. वाटली की सांगते. सुट्टीच्या दुपारी आत्या "गप बसा रे सगळे" म्हणून घराला दरडावतात आणि माझ्या पोटाला कान लावतात. मग सुहासचा नंबर, उजवा कान. मग रेवाचा. तिचा नंबर लवकर संपत नाही.

परवाच्या सुट्टीला बाबा मिरजेहून आले होते. आत्यांनी पिठलं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. आत्या गरम भाकऱ्या करत होत्या, बाकी सगळे एका ओळीत जेवायला बसलो. माग बंद, त्यामुळे चावण्याचेसुद्धा आवाज येत होते. रेवा आजोबांना चिकटून बसली होती. ती मध्येच म्हणाली,

"आजोबा, आईची आई सायकल अनवाणी चालवायची ना?"

बाबांचा घास हातातच थांबला.

मी त्यांच्या ताटाकडे बघत होते. भाकरी अर्धी मोडलेली. माझ्या मनात पटापट वाक्यं तयार झाली. रेवा, जेव बघू. रेवा, पाणी दे आजोबांना. मी ती वाक्यं तशीच धरून बसले. आत्या तव्याकडून आल्या आणि एक गरम भाकरी बाबांच्या ताटात टाकली. "घ्या," एवढंच म्हणाल्या, "फुगलीय."

बाबांनी भाकरीचा पापुद्रा उचलला. वाफ गेली. ते बसून राहिले.

"चपला मागं लावायची," ते म्हणाले. "एकदा त्यातली एक वाटेत पडली. मला शोधायला पाठवलं. नाही सापडली. तर महिनाभर दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून फिरली. नवीन घे म्हटलं, तर म्हणाली, जुनी सापडेल."

हे मला माहीत नव्हतं. आईबद्दल मला माहीत नसलेलं काहीतरी मी तीस वर्षांची होत आले असताना ऐकत होते. बाबांनी घास तोंडात घातला आणि चावायला लागले.

रेवा खूप हसली. हसता हसता माझ्या मांडीवर लवंडली, उष्टा हात लांब धरून, आणि सवयीनं पोटाला कान लावला. जरा वेळ तशीच पडून होती. मग तिथूनच वर बघत म्हणाली,

"आई, तू पण असाच कान लावायचीस ना, तुझ्या आईच्या पोटाला?"

"हो."

"मग ते बाळ तुला काय म्हणालं होतं?"